थडग्यांची समता आणि तिची सीमा

दरवर्षी ११ नोव्हेंबरला कॅनडातील लहानमोठ्या गावांत सकाळी अकरा वाजता स्तब्धता पाळली जाते. नागरिकांच्या छातीवर लाल पॉपीचे फूल असते आणि शाळाशाळांतून युद्धात पडलेल्यांवरील एक प्रसिद्ध कविता म्हटली जाते. ती लिहिणारे लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे यांचे थडगे मात्र कॅनडात नाही. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील विमरो येथील दफनभूमीत ते आहे. तेथील जमीन रेताड असल्यामुळे स्मृतिशिळा उभ्या न रोवता आडव्या बसविल्या आहेत. कर्नलची शिळा आणि शिपायाची शिळा यांत तेथे भेद नाही. ही समता कोठून आली, ती कोठवर पोहोचली आणि जिवंतपणी ती कोणाच्या वाट्याला आली, या प्रश्नांची उत्तरे मात्र स्मृतिदिनाच्या भाषणांत मिळत नाहीत.

मॅक्रे यांचा जन्म १८७२ साली ऑन्टारिओ प्रांतातील ग्वेल्फ येथे झाला. व्यवसायाने ते वैद्य होते. माँट्रिअलच्या मॅक्‌गिल विद्यापीठाशी त्यांचा संबंध होता. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ते तोफखान्याचे अधिकारी म्हणून लढून आले होते. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जममधील ईप्र येथे जर्मनांनी क्लोरिन वायूचा मारा केला, तेव्हा ते कॅनडाच्या तोफखान्याबरोबर वैद्यकीय अधिकारी होते. कालव्याच्या बांधालगतच्या उपचारकेंद्रात त्यांनी जवळजवळ सतरा दिवस जखमींची शुश्रूषा केली. २ मे रोजी त्यांचा तरुण मित्र अलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने ठार झाला. धर्मोपदेशक हजर नसल्यामुळे अंत्यविधीची प्रार्थना मॅक्रे यांनीच म्हटली. कविता त्यानंतर लिहिली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात लेखकाच्या नावाविना छापली गेली. हेल्मर यांची कबर पुढे युद्धाच्या धुमश्चक्रीत नाहीशी झाली. मॅक्रे यांना २८ जानेवारी १९१८ रोजी रुग्णालयात न्यूमोनियाने मृत्यू आला. त्यांचे वय ४५ होते. अंत्ययात्रेत त्यांचा घोडा पुढे चालविण्यात आला होता.

मॅक्रे यांच्या धैर्याविषयी किंवा करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्यांना शांततावादी ठरविणे हेही सत्याला धरून होणार नाही. युद्ध शेवटास न्यावे असे त्यांचे मत होते. १९१७ च्या निवडणुकीत ते सक्तीच्या सैन्यभरतीच्या बाजूचे होते. त्यांच्या कवितेचा अखेरचा भाग जिवंतांना लढा पुढे चालविण्याचे आवाहन करतो, आणि राज्यकर्त्यांनी नेमका तोच भाग उचलला. १९१७ साली कॅनडा सरकारने युद्धकर्जाचे रोखे विक्रीस काढले, तेव्हा त्यांच्या जाहिरातींत या कवितेचा वापर करण्यात आला. उद्दिष्ट १५ कोटी डॉलरचे होते. जमले सुमारे ४० कोटी.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. खंदकातील सामान्य कॅनेडियन शिपायाला दिवसाकाठी एक डॉलर आणि वर दहा सेंट भत्ता मिळत असे. रोखे घेणाऱ्याला साडेपाच टक्के व्याज मिळे आणि त्या व्याजावर कर नसे. एकाने देह दिला, दुसऱ्याने पैसा दिला. परंतु व्याजासह परत मिळण्याची हमी फक्त दुसऱ्यालाच होती. माणसांची सक्तीने भरती करावयाची असेल तर आधी संपत्तीची सक्तीने भरती करा, अशी मागणी कॅनडातील कामगार चळवळीने त्या वेळी केली. १९१७ साली तेथे आयकर प्रथमच लागू झाला खरा, पण त्याचा भार माफकच राहिला. माणसांवरील सक्तीला तशी माफक मर्यादा नव्हती. क्वेबेक शहरात भरतीविरोधी जनतेवर १ एप्रिल १९१८ रोजी लष्कराने गोळीबार केला. त्यात चार नागरिक मेले.

त्याच वर्षी आणखी एक मृत्यू झाला. ब्रिटिश कोलंबियातील ट्रेल येथे धातू गाळण्याच्या कारखान्यातील कामगारांनी १९१७ साली आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. त्याचे नेते अल्बर्ट गुडविन हे कोळसा खाणीत काम केलेले समाजवादी कार्यकर्ते होते. सैन्यसेवेस अपात्र ठरलेल्या गुडविन यांना संपाच्या काळात अचानक पात्र ठरविण्यात आले. ते डोंगरात निघून गेले, आणि २७ जुलै १९१८ रोजी त्यांच्या मागावर असलेल्या विशेष शिपायाने त्यांना गोळी घातली. व्हँकुव्हरच्या कामगारांनी २ ऑगस्टला सार्वत्रिक संप केला. मॅक्रे यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी झालेला हा मृत्यूही युद्धाचाच होता. परंतु ११ नोव्हेंबरच्या स्तब्धतेत त्याला स्थान नाही. त्यांची कबर असलेल्या कंबरलंड गावाजवळील रस्त्याच्या एका भागाला १९९६ साली त्यांचे नाव मिळाले. २००१ साली सरकार बदलले आणि नामफलक उतरले. पुढे पुन्हा सरकार बदलल्यावर २०१८ साली ते परत आले. कोणाचे स्मरण करावयाचे हा निर्णय राजकीय असतो, हे सांगण्यास आणखी पुरावा नको.

आता थडग्यांच्या समतेविषयी. मृतांचे देह मायदेशी न्यावयाचे नाहीत आणि हुद्दा, कूळ किंवा संपत्ती न पाहता सर्वांना एकसारखी शिळा द्यावयाची, असे तत्त्व १९१७ साली स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वीकारले. धनिकांना आपल्या मुलांचे देह घरी आणता आले असते, गरिबांना नाही. म्हणून कोणीच आणू नयेत, असा त्यामागील विचार होता. अनेक मातापित्यांना तो निष्ठुर वाटला आणि १९२० साली ब्रिटिश पार्लमेंटात त्यावर कडाक्याची चर्चा झाली. तरीही तत्त्व टिकले. वर्गभेदाने पोखरलेल्या समाजाने निदान मृतांच्या बाबतीत समता मान्य केली, याचे मोल समाजवाद्यांनी कमी लेखू नये.

परंतु ही समता सर्वत्र पाळली गेली नाही. ईप्रच्या त्याच लढाईत, कॅनेडियनांवर वायूचा मारा झाल्यानंतर दोन दिवसांनी, हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन प्रतिहल्ल्यासाठी पुढे ढकलली गेली होती. युरोपात पडलेल्या हिंदी शिपायांची नावे तेथील स्मारकांवर कोरली गेली. इराकमध्ये तसे झाले नाही. कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले आणि पुढे कैदेतही माणसे मोठ्या संख्येने मेली. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली. कमिशनने नेमलेल्या समितीच्याच २०२१ च्या अहवालाने मान्य केले की, मुख्यतः आशिया व आफ्रिकेतील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण विषम रीतीने केले गेले, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसे नावाने किंवा मुळीच स्मरली गेली नाहीत. ब्रिटिश सरकारने त्याबद्दल संसदेत दिलगिरी व्यक्त केली. तोवर त्यांच्या विधवाही हयात उरल्या नव्हत्या.

म्हणजे साम्राज्याने गोऱ्या कर्नलात आणि गोऱ्या शिपायात भेद केला नाही. पण काळ्या शिपायाशी गाठ पडली तेथे समतेचे तत्त्व थांबले. मॅक्रे यांच्या शिळेवर फूल वाहणे गैर नाही. ज्या कवीचे शब्द कर्जरोखे विकण्यास वापरले गेले, तोही त्या युद्धाचा बळीच होता. मात्र एका अधिकाऱ्याच्या स्मरणाने बाकीच्यांचे विस्मरण झाकले जाणार असेल, तर ते स्मरण अपुरे आहे. युद्ध पुकारण्याचा निर्णय कोणी घेतला, खर्च कोणी सोसला, नफा कोणी घेतला आणि कोणाचे नाव दगडावर चढले नाही, हे विचारल्यावाचून त्याला पूर्णत्व येणार नाही.

हे काम परदेशातील इतिहासकारांवर सोपवून भागणार नाही. ज्या खेड्यांतून माणसे त्या महायुद्धावर गेली, अशा काही मराठी गावांत आजही सरकारने बसविलेले दगड आहेत. या गावातून इतकी माणसे गेली, इतकी मेली, एवढाच त्यांवर मजकूर आहे. तेथेही आकडा आहे, नाव नाही. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी जुन्या घरांतून, निवृत्तिवेतनाच्या कागदांतून आणि वृद्धांच्या आठवणींतून ती नावे गोळा करावीत व ग्रामसभेपुढे वाचून दाखवावीत. त्यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही.