चिलटांची पोथी

ह्या सदरातून एरवी मी पुस्तकांबद्दल बोलतो. यंदा चिलटांबद्दल बोलणार आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमची मधुरा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पुढची पाच वर्षे चिलटांवर संशोधन करायला पुण्याला जाते म्हणाली, तेव्हा घरात सर्वांत शांत राहिलेला माणूस मी. हा काही माझा मोठेपणा नव्हे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा अधिकार राहत नाही. जन्मभर तो त्यालाच ऐकावा लागलेला असतो. सौभाग्यवती मात्र शांत नव्हत्या. केळ्यांवरची चिलटे पदराने हाकलण्यात त्यांची पंचवीस वर्षे गेली, आणि पोटची पोर तीच चिलटे बाटलीत पाळून त्यांना मक्याच्या पिठाची लापशी रांधून घालणार!

पण खरा पेच पुढे होता. पाडव्याला इंदापूरला आप्पांकडे जायचे होते. आप्पा माझे थोरले बंधू. त्यांनी सातवीत शाळा सोडून औत धरले म्हणून मला एम.ए. होता आले. त्यांना ‘नाही’ म्हणणे मला आजवर जमलेले नाही, आणि त्यांनी मधुरेसाठी अकलूजचे एक स्थळ पाहून ठेवले होते.

बारामतीहून गाडी सुटली तशी मी मधुरेला म्हटले, “आप्पांना सांगता येईल इतके तरी मला समजावून दे.”

भवानीनगरच्या आसपास दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. ती म्हणाली, “बाबा, चिलटाचं अंग उसासारखं असतं. पेरापेराचं. फरक एवढाच की उसाचं प्रत्येक पेर सारखं, चिलटाचं प्रत्येक पेर निराळं. छातीला तीन पेरं. पायांची जोडी तिन्हींना. पण पंख फक्त दुसऱ्याला. तिसऱ्याला पंखांच्या जागी दोन बारीक गुंड्या. त्यांना संतुलक म्हणतात. उडताना तोल राखतात.”

तिसऱ्या पेरात ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ नावाचे जनुक जागे असते, म्हणून तेथे पंखाऐवजी संतुलक होतो. दुसऱ्या पेरात तेच जनुक असते, पण मुके. कॅलिफोर्नियात एडवर्ड लुइस ह्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षे पैदास करून, तिसऱ्या पेरातही ते मुके राहील असे चिलट मिळवले. त्याला चार पंख आले! १९७८ साली त्याने हे सारे मांडले, आणि १९९५ साली आणखी दोघांबरोबर त्याला नोबेल मिळाले.

“म्हणजे प्रत्येक पेशीत सगळी पोथी असते,” मी म्हटले, “पण प्रत्येकीला वेगळा अध्याय नेमलेला. आमच्या अभ्यासक्रमासारखा.”

“हो, पण नेमतं कोण? अंडं घातल्यावर पहिल्या काही तासांत हुकूम देणारी प्रथिनं येतात, आणि थोड्याच तासांत नाहीशी होतात. चिलट पुरं व्हायला दहा दिवस लागतात. तेवढ्यात पेशी कितीदा तरी विभागते. मग आपण पंखाच्या की संतुलकाच्या, हे तिच्या लेकीनातींना कसं कळतं?”

ह्या प्रश्नापाशी मला हरताळ आठवला. आजच्या विद्यार्थ्यांना हरताळ म्हणजे बाजार बंद, एवढेच ठाऊक. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासत. अक्षर खाली तसेच राही, पण वाचायचे नाही. मी हे सांगताच पोरीने गाडीत टाळीच वाजवली.

पेशीतला डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. प्रथिनांची एक टोळी त्या रिळांवर ठरावीक जागी मिथिलची खूण चिकटवते. हे २००२ साली उलगडले. खूण पडली की तेवढा धागा घट्ट मिटतो आणि जनुक मुके होते. जनुकाचे एक अक्षर बदलत नाही, नुसता हरताळ. टोळीचे नाव पॉलिकोंब. नराच्या पुढच्या पायांवरच एक फणीसारखी केसांची रांग असते. ती मागच्या पायांवरही असलेले चिलट लुइसच्या पत्नीने, पामेलाबाईंनी, १९४७ साली नोंदवले, त्यावरून हे नाव पडले. मी ‘बहुफणी’ असा प्रतिशब्द सुचवला. मधुरा म्हणाली, तो शेषनाग वाटतो.

हा हरताळ समूळ गेला तर? भ्रूणाची सगळी पेरे पोटाच्या शेपटीकडच्या पेरासारखी होतात. डोक्या-छातीकडची पेरेही शेपटीच होऊ पाहतात, आणि चिलट जगत नाही. उलट बाजूला ट्रायथोरॅक्स नावाची दुसरी टोळी असते. उघडे पान मिटू द्यायचे नाही, हे तिचे काम.

आणि गंमत पुढेच आहे. पेशी विभागताना पोथीची नक्कल होते, तशी हरताळाचीही नक्कल करावी लागते. धाग्यावर एक ठरलेली जागा असते, तेथून टोळी कामाला लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती जागाच कापून काढली, तर दर विभाजनाला खूण फिकी होत गेली आणि मुके जनुक शेवटी बोलू लागले. नकलनवीस नुसता प्रामाणिक असून भागत नाही, मूळ पोथीवाला शेजारी बसलेला लागतो!

“हे सगळं अमेरिकेत ना?” सौभाग्यवतींनी मागून विचारले. इतका वेळ त्या ऐकत होत्या तर! पुण्याच्या आयसर संस्थेत प्रा. एल. एस. शशिधर यांच्या गटाने पंखाचा संतुलक कसा होतो ह्यावर वर्षानुवर्षे काम केले, आणि हैदराबादच्या सीसीएमबीत राकेश मिश्रा यांनी एका जनुकाची हद्द कोठे संपते व दुसऱ्याची कोठे सुरू होते ह्यावर, असे मधुरेने सांगितले. तेवढ्यात निमगाव केतकी आले आणि माझ्या पोटात गोळा उठला.

फराळ झाल्यावर आप्पांनी विषय काढलाच. मधुरा म्हणाली, “आप्पा, मी माशीवर काम करणार आहे.”

“बरं झालं,” आप्पा खुलले. “माझे पेरू त्या फळमाशीनं खाल्ले. सापळे लावलेत, तरी अळ्या आहेतच. काढ काहीतरी औषध.”

“ती माशी वेगळी, आप्पा. ती चांगल्या फळाला भोक पाडून अंडी घालते. माझी कुजक्या फळावर बसते. तुमच्या बागेला माझा उपयोग नाही.”

मी कपाळाला हात लावला. खोटे नको, पण इतके खरे? माणसातही पॉलिकोंबची टोळी आहे, काही कर्करोगांत तिच्यातले एक प्रथिन बेताल होते, त्याला आवर घालणाऱ्या औषधाला २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळाली, हे तिने सांगितले खरे. पण लगेच, “मी औषध काढीन असं मात्र नाही,” हेही.

आप्पा गप्प झाले. मग मी बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. “मुलीला जाऊ द्या, आप्पा,” एवढे शेवटचे वाक्य आठवते. पन्नाशीकडे आलो, पण आवाज कापत होता.

मधुरेने सोनाराकडचे असते तसले भिंग काढले आणि केळ्याच्या सालीवर मेलेले एक चिलट कागदावर ठेवले. आप्पा वाकून बराच वेळ पाहत राहिले.

“ह्या गुंड्या?”

“हो. त्यांचे पंखच व्हायचे. होऊ दिले नाहीत.”

आप्पांनी भिंग खाली ठेवले नाही. तसेच डोळ्याला लावून म्हणाले, “अकलूजला मी उद्या फोन करतो. पोरगी शिकतेय म्हणून सांगतो.”

निघताना त्यांनी पेरूच्या दोन पिशव्या दिल्या. एक घरासाठी, निवडक फळांची. दुसरी अळ्या पडलेल्या पेरूंची. “पुण्याला ने,” ते मधुरेला म्हणाले. “तिथं कुणीतरी असेलच की ही माशी बघणारं.”

बारामती येईपर्यंत ती दुसरी पिशवी सौभाग्यवतींनी खिडकीबाहेर धरली होती.