निरोप घेण्याची रीत

धनत्रयोदशीच्या सांजवेळी कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून लावावा, नरकचतुर्दशीला अभ्यंगानंतर यमतर्पण करावे आणि यमद्वितीयेला, यमुनेच्या घरी जेवावयास आलेल्या यमाचे स्मरण ठेवून, बहिणीने भावास ओवाळावे, असा ज्या सणाचा क्रम पूर्वजांनी लावून दिला, त्या सणाच्या अंकात मृत्यूचा विषय काढणे अमंगळ कसे ठरावे?

मराठी आणि कानडी जिथे एकाच ओसरीवर नांदतात, त्या आमच्या जतच्या मुलखात मृत्यूविषयी बोलण्याची सोय कलेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. दख्खनच्या गावोगावी देवळापुढे दिसणारा वीरगळ न्याहाळावा: तळच्या चौकटीत झुंजत पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि माथ्याशी शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, निरक्षर आजोबालाही नातवाच्या प्रश्नाचे उत्तर या दगडावर बोट ठेवून देता येई. लिंगायत घरी मृताला बसते करून त्याच्यापुढे भजन चाले. आणि जी सासुरवाशीण घरात कोणापाशी मन मोकळे करू शकत नसे, ती आईच्या मरणाचे दुःख आणि स्वतःच्या अहेव मरणाची इच्छा जात्यावरच्या ओवीत घाली.

शके 1218च्या, म्हणजे इ. स. 1296च्या, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत जाणारा आपले जाणे आधी सांगतो, संतमंडळी निरोपाला जमतात, आणि गुरुपदी असलेल्या निवृत्तिनाथांनाही धाकट्या भावासाठी शोक आवरत नाही. ज्ञानाने अश्रूंना मज्जाव करावा, असा दंडक तिथे नाही. पुढे 1974 साली सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’ नाटकात मृत भाऊरावांनाच कीर्तनाला उभे केले, तेव्हा त्यांनी हाताशी घेतले ते याच परंपरेचे माध्यम होते.

आज मात्र वाटणीपत्र, वारसनोंद आणि मिळकतीचा तपशील आपण बिनदिक्कत विचारतो, पण अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना ‘तुमच्या मनात काय आहे?’ असे विचारावयास आपली जीभ रेटत नाही. आपण त्यांच्यापासून आजार लपवतो, ते आपल्यापासून भय लपवतात, आणि परस्परांवरील मायेपोटीच दोघेही एकाकी होतात. जे स्वतःच्या शब्दांत सांगवत नाही, ते अभंगाच्या, ओवीच्या किंवा नाटकातल्या पात्राच्या तोंडून सांगता येते, कारण ते शब्द पिढ्यान्‌पिढ्यांनी वापरून सोसण्याजोगे केलेले असतात. औषधाचा अंमल संपल्यावरही माणसाला देण्याजोगे काही उरते, ते हेच.

म्हणून या अंकातील लेखन आम्ही याच विषयाभोवती गुंफले आहे. दिवाळीनिमित्त सारी माणसे घरी जमतील, तेव्हा थोरल्यांपैकी कोणी आपल्या अखेरच्या इच्छेविषयी बोलू लागले, तर ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून त्यांना थांबवू नका. जवळ बसा आणि पुढचे विचारा.