अळी, अभ्यास आणि पालकांचे आक्षेप

लहान मुलांना रोज घटकाभर झाडे, किडे व पाखरे स्वस्थपणे न्याहाळू द्यावीत, अशी सूचना पुण्याच्या बिबवेवाडीतील एखाद्या सोसायटीत कोणी मांडली, तर तीन आक्षेप ठरलेले असतात: या सिमेंटच्या वस्तीत निसर्ग उरलाच कोठे, त्याने अभ्यास बुडतो, आणि टेकडीवर साप-विंचू असतात.

पहिल्या आक्षेपाचे निरसन गॅलरीतील कढीपत्त्याची कुंडीच करते. लिंबाच्या कुळातील या झाडावर काही फुलपाखरांच्या माद्या अंडी घालतात. त्यातून निघालेली अळी आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे पानासारखी हिरवी होते, आणि डिवचताच डोक्यामागून उग्र वासाची दुशिंगी ग्रंथी बाहेर काढते. एवढे नाट्य ज्या घरात घडते तेथे निसर्ग नाही, ही तक्रार दफ्तरी दाखल करण्याच्याच योग्यतेची आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित, पण तितकाच पोकळ. जे मूल अळीने खाल्लेली पाने मोजते, कालच्या व आजच्या रूपातला भेद सांगते, उद्याचा अंदाज बांधते आणि तो चुकल्यास पुन्हा पाहते, त्याचे गणित, भाषा व तर्कबुद्धी एकाच वेळी घडत असतात. ताराबाई मोडक व पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, जे बालशिक्षण उभारले, त्यात पाने, बिया व शिंपले हीच शिक्षणाची साधने होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे फर्मावले खरे; परंतु हुकुमाने पाठ्यपुस्तक निघते, जिज्ञासा निघत नाही.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे भय बाळगलेच पाहिजे. सबब तळजाईच्या टेकडीवर मुलांसोबत जाणते माणूस असावे, बिळात हात घालू नये, दगड उलथू नये. पण हा विवेक दार बंद करून येत नाही. कात्रजच्या सर्पोद्यानात नेऊन, बिनविषारी धामण कोणती हे दाखवूनच तो येतो.

आमचे मागणे अल्प आहे. मुलांकडून नावांची घोकंपट्टी करवू नये. त्यांच्या प्रश्नास ‘मलाही ठाऊक नाही, पाहू या’ असे उत्तर द्यावे. आणि प्रत्येक सोसायटीने बागेचा एक कोपरा न छाटता, न फवारता ठेवून तेथील ‘आत येण्यास मनाई’ची पाटी या पावसाळ्यापूर्वी उतरवावी.