पाया रचणारे हात
२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सहा वर्षांखालील बालकांचा पूरक आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरणास साहाय्य आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, हा सारा भार अंगणवाडी सेविका वाहते. तिच्या कष्टांच्या मोबदल्याला मात्र वेतन नव्हे, ‘मानधन’ म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाला पायाभूत स्तरात स्थान दिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. ही पावले स्वागतार्ह असली, तरी पुरेशी नाहीत. नोंदी भरण्यातच जिचा दिवस सरतो, तिने मुलांना गोष्ट कधी सांगावी? सेविकेला शिक्षिकेचा दर्जा, नियमित वेतन आणि शिकविण्यासाठी मोकळा वेळ मिळाल्याशिवाय बालशिक्षणाची सुधारणा कागदावरच राहील.