चारोटीच्या भाडेकरूला आधी कागद द्या

चारोटी नाक्याच्या आसपास नोकरी करणाऱ्या माणसाला पहिले घर घ्यायचे असेल, तर कर्जाच्या हप्त्याआधी त्याला जमिनीचा कायदा समजून घ्यावा लागतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि डहाणूहून कासा-जव्हारकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो हा नाका. इथे टोलनाका आहे, हॉटेले, गॅरेज, पेट्रोलपंप आहेत. शेजारी कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, आसपासच्या गावपाड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा आहेत. शिक्षक, परिचारिका, मेकॅनिक, वेटर, पंपावरची मुले यांत बाहेरून आलेले बरेच असतात आणि त्यांना राहायला खोली लागते. खोली मिळून वर्ष-दोन वर्षे झाली की घरची माणसे, सहकारी, कर्जाचा एजंट सगळे एकच सांगू लागतात: भाडे भरून हाती काय राहणार, त्यापेक्षा हप्ता भर, घर तरी आपले होईल. माझे म्हणणे वेगळे आहे. चारोटीत भाडेकरूची जी परवड होते ती भाड्याने राहिल्यामुळे होत नाही, बिनकागदाचे राहिल्यामुळे होते. तो कागद मिळवून देण्याऐवजी त्याला मालकीकडे ढकलले, तर तो आणखी मोठ्या बिनकागदाच्या व्यवहारात सापडतो.

चारोटीचा डहाणू आणि शेजारचा तलासरी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले आहेत. 2011च्या जनगणनेनुसार तलासरीत दहांतले नऊ आणि डहाणूत दहांतले जवळपास सात जण आदिवासी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता लागते. पाचव्या अनुसूचीतल्या अशा भागात, म्हणजे पेसा क्षेत्रात, ग्रामसभेचीही संमती लागते. उरलेली शेतजमीन जो शेतकरी नाही त्याला घेता येत नाही, कारण 1948चा कूळकायदा आडवा येतो. म्हणजे बिनशेती झालेले, बिगर आदिवासी नावावरचे, निर्वेध असे जे थोडे भूखंड उरतात, तेवढ्यावरच बाहेरून आलेल्या नोकरदाराच्या पहिल्या घराची सारी भिस्त. शिवाय डहाणू तालुका 1991पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. अशा ठिकाणी ‘भाडे की हप्ता’ हा प्रश्न ठाण्यात किंवा पुण्यात विचारतात तसा विचारताच येत नाही.

तरीही घर हवेच असते, आणि मग आडवाटा शोधल्या जातात. एक वाट नोटरीची: शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दोन-तीन गुंठ्यांचा करार करायचा, पैसे रोख द्यायचे आणि सातबारावर नाव कधीतरी चढेल या भरवशावर बांधकाम काढायचे. दुसरी वाट परक्या नावाची: पैसा आपला, उतारा एखाद्या आदिवासी ओळखीच्याचा. हा व्यवहार उघडकीस आला तर जिल्हाधिकारी ती जमीन मूळ मालकाला परत देऊ शकतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्याने आयुष्याची पुंजी त्यात घातली त्याला दाद मागायला कोणतेही दार उरत नाही. ज्याचे नाव वापरले तोही चौकशीच्या फेऱ्यात सापडतो. तिसरी वाट दक्षिणेला जाते. पालघर जिल्हा एकच, त्यामुळे वसई-विरार पट्ट्यात स्वस्तातला फ्लॅट बघायचा. तिथे काय होऊ शकते तेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. 2025च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडल्या गेल्या. त्या आरक्षित जागेवर उभ्या होत्या आणि आत घर विकत घेतलेली कुटुंबे राहत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून 17 माणसे गेली. तीही इमारत अनधिकृतच होती. स्वतःचे घर म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण मालकीचा कागद खरा असेल तरच सुटते. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याचे संरक्षणही इथे पुरे पडत नाही: 500 चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि नाक्यानाक्यावर उभ्या राहणाऱ्या छोट्या इमारती नेमक्या त्याच मापाच्या असतात.

आता हिशेब करू. समजा 25 लाखांचे घर आहे, कागद स्वच्छ आहे, 5 लाख हातात आहेत आणि 20 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी मिळाले. हप्ता येतो साधारण 17 हजार 350 रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 14 हजारांहून अधिक व्याजात जातात, मुद्दल फिटते तीन हजार दोनशेच्या आत. पहिल्या वर्षभरात बँकेला निव्वळ व्याज जाते सुमारे 1 लाख 68 हजार, आणि वीस वर्षांत परतफेड होते 41 लाखांच्या पुढे. तोच माणूस महिना 5 हजारांच्या खोलीत राहिला तर वर्षाचे भाडे 60 हजार. भाडे पाण्यात जाते म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत: पाण्यात तर व्याजही जाते, आणि पहिली काही वर्षे ते भाड्याच्या दुपटीहून जास्त जाते. घराची किंमत वाढते हे खरे. पण ती वाढ हातात यायला घर विकले जावे लागते, आणि ज्या भागात गिऱ्हाईकच कायद्याने मोजके आहे तिथे विक्री मुंबईसारखी होत नाही. त्यात बदलीची नोकरी. चार वर्षांनी तलासरीहून मोखाड्याला बदली झालेल्या शिक्षिकेला तो हप्ताही चुकत नाही आणि नव्या गावातले भाडेही.

मग भाड्याने राहणाऱ्याला इतके असुरक्षित का वाटते? नाक्यावरच्या खोलीचा व्यवहार जवळून पाहिला की कळते. दहा बाय बाराची खोली, पुढे ओटा, मागे मोरी, वर सिमेंटचे पत्रे. डिपॉझिट रोखीने दिले जाते आणि पावती मिळत नाही. विजेला सब-मीटर असतो, युनिटचा दर मालक ठरवतो, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिला जातो. करारनामा नसतो, म्हणून गॅसच्या जोडणीला पत्त्याचा पुरावा नसतो, बँकेत पत्ता बदलता येत नाही, घरभाडे भत्त्याच्या वेळी दाखवायला काही नसते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मुख्यालयी राहण्याची अट घातली आहे. पण ज्या गावाला मुख्यालय म्हणायचे तिथे कागदावर दाखवता येईल अशी भाड्याची खोली मिळेल का, याची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही. परिणामी माणसे डहाणू रोड स्टेशनजवळ राहतात आणि रोज पंचवीसेक किलोमीटर ये-जा करतात. मालकाने उद्या खोली सोड म्हटले तर महिन्याची मुदत मागण्याचाही हक्क भाडेकरूला नाही, आणि डिपॉझिट परत मिळणे मालकाच्या मर्जीवर. हा त्रास खरा आहे, आणि तोच माणसाला नोटरीच्या गुंठ्याकडे ढकलतो.

यावरचा उपाय महागडा नाही. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. पाच हजार भाडे आणि अकरा महिने धरले तर ते दीड-दोनशे रुपयांत बसते. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55ने लेखी, नोंदणीकृत कराराची जबाबदारी मालकावरच टाकली आहे, आणि करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पण हा कायदा शहरे डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. महामार्गावरची ग्रामपंचायत, जिथे वस्ती गावाची आणि भाडेकरू शहरातले, ती त्याच्या नजरेत नव्हती. केंद्राने 2021मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेता येणार नाही असे म्हटले आहे, पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. 2020ची परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची केंद्रीय योजना तर शहरांपुरतीच होती. घरकुलाला अनुदान आहे, गृहकर्जाच्या व्याजाला सवलत आहे. गावातल्या भाडेकरूसाठी सरकारी खात्यात साधे पानही उघडलेले नाही.

घरमालकाची बाजूही बघायला हवी, कारण चारोटीत त्याची अडचण भाडेकरूइतकीच कायद्यात गुंतलेली आहे. आदिवासी कुटुंबाकडे नाक्याजवळ जमीन असली तरी ती तारण ठेवून घर बांधणे सोपे नाही. कर्ज थकले तर ती जमीन खुल्या लिलावात कोणालाही विकता येणार नाही, हे बँकेला ठाऊक असते, म्हणून ती हात आखडता घेते. घरकुल योजनेतून केंद्राच्या दराने मिळतात 1 लाख 20 ते 1 लाख 30 हजार, आणि घर बांधायचे किमान 25 चौरस मीटरचे. त्यात भाड्याची खोली कुठून निघणार? याच घरांतली कितीतरी माणसे दिवाळीनंतर जगायला म्हणून वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. स्वतःच्या जमिनीवर दोन पक्क्या खोल्या असत्या, तर त्यांतल्या काहींना गाव सोडावे लागले नसते. खोली लिव्ह अँड लायसन्सवर दिल्याने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ती फक्त वापरायची परवानगी असते. म्हणजे कलम 36-अ जिथल्या तिथे ठेवूनही आदिवासी मालकाला भाड्याचे उत्पन्न आणि बाहेरून आलेल्याला छप्पर मिळू शकते. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाने जमीन तारण न घेता दोन खोल्यांसाठी कर्ज द्यावे आणि नोंदणीकृत भाड्यातून त्याचा हप्ता वळता करून घ्यावा. त्या खोल्या भूकंपाला टिकतील अशा बांधल्या जाव्यात, हीच एक अट मात्र कडक असावी. नोव्हेंबर 2018पासून याच भागातल्या धुंदलवाडी आणि परिसराला जे धक्के बसत गेले, त्यांत भिंती तडकल्या, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. तडा गेलेल्या भिंतीची डागडुजी कोणी करायची, याचे उत्तर तोंडी व्यवहारात कधीच नसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि वाढवण बंदराच्या निमित्ताने तो आता मोठ्या आवाजात येईल: हे सगळे कशाला, जमिनीचा कायदाच सैल करा, आदिवासीलाही बाजारभाव मिळेल आणि नोकरदारालाही घर. 76 हजार 220 कोटींच्या या बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झाले, तिथून येणारा रस्ता याच महामार्गाला मिळणार आहे, आणि जमिनीकडे पाहणाऱ्यांच्या नजरा बदलल्या आहेत. पण खुल्या व्यवहाराने या भागात काय केले, हे याच तालुक्यांना चांगले माहीत आहे. सावकार आणि जमीनदारांनी वारल्यांच्या जमिनी गिळल्या, लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायकोला लग्नगडी म्हणून राबवले. 1945मध्ये तलासरीजवळच्या झरीपासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला तो वेठबिगारीविरुद्ध. एकदा हातची गेलेली जमीन परत मिळवायला 1974चा स्वतंत्र कायदा करावा लागला. विक्रीचे पैसे एका पिढीत संपतात आणि भाडे दरमहा येत राहते. बाहेरच्याला घर मिळावे म्हणून इथल्या माणसाला बेघर करण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. म्हातारपणी पेन्शन नसलेल्या माणसाने भाडे कुठून भरायचे? हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये राबणाऱ्यासाठी हा प्रश्न जीवघेणा आहे आणि करारनाम्याने तो सुटत नाही. ज्याला इथेच आयुष्य काढायचे आहे, त्याने निर्वेध कागदाचे घर जरूर घ्यावे. मी विरोध करतो तो पस्तिशीच्या आत, बदलत्या नोकरीत, मिळेल त्या उताऱ्यावर घर घेण्याच्या घाईला. भाड्यात वाचलेले पैसे खरोखर बाजूला पडले तरच हा सल्ला उपयोगाचा, हेही मान्य. राहिली मालकांची भीती, ती मात्र उलट्या बाजूची आहे: करार केला तर भाडेकरू घर बळकावेल. वास्तविक नोंदणीकृत लायसन्सची मुदत संपल्यावर न हलणाऱ्याकडून दुप्पट भाडे वसूल करण्याची आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद दाद मागण्याची तरतूद भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24मध्ये आहे. तोंडी व्यवहारात मालकाच्या हाती फक्त वाद उरतो. शिवाय अकरा महिन्यांचा करार ही केवळ जुनी सवय आहे. पाव टक्क्याची मुद्रांक सवलत साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला मिळते. तीन वर्षांचा करार झाला तर मुलाची शाळा मध्येच बदलावी लागत नाही.

राज्य सरकारने कलम 24 आणि 55चे संरक्षण महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना निःसंदिग्धपणे लागू करावे आणि डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित करावे. चारोटी, कासा, तलासरी परिसरातल्या ग्रामसभांना मात्र मुंबईच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. घरपट्टीच्या नोंदवहीबरोबर भाड्याच्या खोल्यांची नोंदवही ठेवण्याचा ठराव त्या पुढच्याच सभेत करू शकतात, आणि डिपॉझिटची सही-शिक्क्याची पावती द्यायला लावू शकतात. तो ठराव मांडायला मालक आणि भाडेकरू दोघांनीही उभे राहावे.