आरोग्यमंत्र्याला नखे तपासण्यापलीकडचे काम द्या

प्रति,
मा. आयुक्त, आदिवासी विकास विभाग, नाशिक
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका

विषय: शाळा आणि आश्रमशाळांतील विद्यार्थी गटांना जीवनकौशल्ये शिकवण्याचे खरे काम देण्याबाबत.

महोदय,

आपल्या अखत्यारीतल्या बहुतेक शाळांच्या व्हरांड्यात एक फलक असतो: शालेय मंत्रिमंडळ. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पोषण आहार मंत्री, अशी नावे सुबक अक्षरांत लिहिलेली असतात. कामकाज म्हणाल, तर आरोग्यमंत्री परिपाठानंतर रांगेतून फिरत नखे तपासते, स्वच्छतामंत्री केर काढणाऱ्यांच्या पाळ्या लावतो आणि साहेब भेटीला आले की मुख्यमंत्री गुलाबाचे फूल देतो. एवढ्यावर अधिवेशन संपते.

त्या आठवीतल्या आरोग्यमंत्र्याला वर्गातले बरेच काही ठाऊक असते. कोणाच्या दप्तरात पुडी सापडते, पाळीच्या दिवसांत कोण शाळेला दांडी मारते, दिवाळीनंतर कोणाचे आईवडील पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जाणार, मग धाकट्या भावंडांसाठी घरी कोण अडकणार, कोणाला बघायला पाहुणे येऊन गेले. सरांना आणि बाईंना हे कळते तोवर हजेरीपटावर ते नाव नुसते उरलेले असते.

या वयातली मुले मनातले आधी मित्राला, मैत्रिणीला सांगतात आणि सल्लाही तिथूनच घेतात. आपण परिपत्रक काढून ते थांबणार नाही. सल्ला देणारी मैत्रीण तयारीची असावी, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

सरकारला हे पटलेले नाही असेही नाही. 7 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दहा ते एकोणीस वयोगटासाठी गावातलीच दोन मुले आणि दोन मुली निवडून त्यांच्याकडून समवयस्कांना शिकवायचे, निवडीला आशाताईंनी मदत करायची आणि अडलेल्या मुलांना आरोग्य केंद्रातल्या ‘मैत्री’ क्लिनिकचा रस्ता दाखवायचा, अशी त्याची आखणी. 2020 साली शालेय आरोग्य कार्यक्रमात दर शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत आणि त्यांच्या हाताखाली विद्यार्थी ठरले. जिल्हा परिषद शाळांत मीना-राजू मंच आहेच. 2022 च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समिती आली, तिच्यातही विद्यार्थी प्रतिनिधी आहेत. एवढ्या योजना असूनही व्यवहारात बहुधा तीच चार चुणचुणीत मुले सगळ्या यादीत असतात आणि त्यांना नीट बसवून शिकवणारे कोणी नसते.

जीवनकौशल्ये शिकवल्याने फरक पडतो का? पडतो, पण अटी आहेत. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावागावांत किशोरींसाठी वर्षभराचा वर्ग चालवला. आठवड्यातले पाच दिवस, रोज तासभर, शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष म्हणजे किती, असे वाटेल. पण ते दहावी आणि अकरावीमधले वर्ष आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी सुमारे 22 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

दुसरा दाखला बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला. गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने तिथल्या 74 सरकारी शाळांत प्रयोग केला. मनातले लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, शाळेची समिती, असा सगळा कार्यक्रम सारखाच. काही शाळांत तो शिक्षकांकडे दिला, काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या समुपदेशकाकडे. समुपदेशक होता तिथे दादागिरी आणि नैराश्य कमी झाले. शिक्षकांकडे जास्तीचे काम म्हणून गेले तिथे लक्षणीय फरक दिसला नाही. ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत.

मुलांनी मुलांना शिकवले की सगळे आपोआप होते, हा भ्रमही नको. जगभरच्या अभ्यासांचे सार असे, की नुसत्या समवयस्क शिक्षणाने माहिती वाढते, वागणे फारसे बदलत नाही. सर्वाधिक फायदा शिकवणाऱ्या मुलांनाच होतो. म्हणून गटामागे तयारीचा मोठा माणूस, नियमित सराव आणि जवळ दवाखाना लागतो. आपल्या योजनांत नेमक्या याच तिन्ही गोष्टी सैल आहेत.

सराव म्हणजे काय, ते एका तासिकेपुरते पाहा. सातवीच्या वर्गात नववीची दोन मुले उभी. एक टपरीवरचा मित्र झालाय: “एकदा खाऊन बघ रे, काय होतंय?” दुसऱ्याने भांडण न करता नाही म्हणायचे. पहिली जोडी हसून हसून बसते. दुसऱ्या जोडीतला चिडतो आणि वर्ग सांगतो, “असं बोललास तर उद्या तो तुझ्याशी बोलणारच नाही.” मग एकाला सुचते: “उद्या कबड्डीची मॅच आहे, दम लागतो.” घंटा झाल्यावर बाकीचे विसरतील, हे एक वाक्य राहील. गुटखाबंदी 2012 पासून आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे, हे सांगणारे भित्तिचित्र त्या वाक्याची जागा घेऊ शकत नाही.

आश्रमशाळांत हे अधिक निकडीचे आहे. तिथे मुले चोवीस तास एकमेकांबरोबर असतात आणि आईवडील दोन डोंगर पलीकडे. अधीक्षिका एकटी किती जणींना पुरणार? घरी कोकणी किंवा वारली बोलणाऱ्या लहान मुलीला पोटात दुखतेय की घरची आठवण येतेय, हे तिच्याच बोलीतली मोठी मैत्रीण आधी ओळखते. आश्रमशाळांतल्या मृत्यूंवरचा डॉ. सुभाष साळुंखे समितीचा 2016 चा अहवाल आपल्या दप्तरी आहे. त्यानंतर तरी मुलांचे दुखणे वेळेत कळणे ही व्यवस्थेची जबाबदारी मानायला हवी.

तेव्हा मागण्या अशा:

1. गट निवडताना पहिल्या नंबरवर जाऊ नका. ‘अडचण आली तर वर्गात कोणाला सांगशील?’ हा प्रश्न चिठ्ठीवर विचारा आणि ज्यांची नावे जास्त येतील त्यांना घ्या.

2. वेळ द्या. 2024 पासून पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहे. त्यातला एक तास नववीच्या गटाला द्या.

3. शाळांच्या दर केंद्रामागे आणि आश्रमशाळांच्या प्रत्येक गटामागे पूर्णवेळ समुपदेशक नेमा. प्रशिक्षणासाठी लांब जायला नको. मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्ही नाशकातच आहेत.

4. सीमा आखून द्या. अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर मुलांनी चौकशी करायची नाही, विश्वासू मोठ्या माणसाला सांगायचे किंवा 1098 वर फोन करायचा. पोक्सो कायद्यात न कळवल्याची शिक्षा मोठ्यांना आहे, मुलांना त्यातून वगळले आहे. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक प्रत्येक फलकावर असावा.

5. गटाने लेखी कळवलेल्या गोष्टीला, मग ती शौचालयाची तुटलेली कडी असो की दारातली टपरी, पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. उत्तर मिळाले नाही तर मुले लोकशाहीचा भलताच धडा शिकतील.

सिंहस्थाच्या तयारीत सगळी यंत्रणा जुंपलेली आहे, हे मान्य. पण पाच मागण्यांपैकी एकीलाच, समुपदेशकांच्या पदांना, पैसे लागतात. बाकीच्या चार आपल्या सहीने होतात. जूनमध्ये शाळा उघडतील. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या आश्रमशाळांपासून आणि शहरातल्या महापालिका शाळांपासून सुरुवात करा आणि वर्षअखेर काय जमले, काय फसले, ते जाहीर करा.

आपला,
एक नाशिककर