पीएसएच्या आकड्यापलीकडे

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची चर्चा आपल्याकडे अजूनही ‘पीएसए’ या एका रक्तचाचणीभोवती फिरते. अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळालेली ही चाचणी उपयुक्त खरी; परंतु वयोमानानुसार होणारी ग्रंथीची वाढ किंवा साधा दाह यांमुळेही तिचा आकडा चढतो. परिणामी काहींना अनावश्यक बायोप्सीला सामोरे जावे लागते, तर काहींचा आक्रमक आजार वेळेत उमगत नाही.

जनुकीय खुणा ही संदिग्धता कमी करू लागल्या आहेत. ‘जीएसटीपी१’चे उदाहरण बोलके आहे. बहुतांश प्रोस्टेट कर्करोगांत या संरक्षक जनुकाचा मूळ मजकूर बदलत नाही. त्यावर मिथाइल गटांचे जणू कुलूप बसते आणि ते निष्क्रिय होते. बायोप्सीत कर्करोग दिसला नाही, तरी ही खूण आढळल्यास पुन्हा तपासणीची गरज सूचित होते.

‘बीआरसीए२’ याहून महत्त्वाचे. स्तनांच्या कर्करोगासाठी परिचित असलेले हे जनुक सदोष असल्यास पुरुषांत प्रोस्टेटच्या आक्रमक कर्करोगाचा धोका वाढतो. हा दोष वडिलांकडून येतो, तसाच आईकडूनही. अशा प्रगत रुग्णांसाठी अमेरिकेने २०२० मध्ये ओलापारिब या औषधास मान्यता दिली. म्हणजेच जनुकीय चाचणी आता उपचारही ठरविते.

या महागड्या चाचण्या सरसकट करणे व्यवहार्य नाही. मात्र आई, मावशी वा बहिणीला स्तनांचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता काय, हे पुरुष रुग्णाला विचारण्यास काहीच खर्च येत नाही. तपासणीची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी.